घरगुती ईव्ही चार्जिंग : उपकरण आणि सर्किटची क्षमता

विजेवर चालणारी मोटार घरच्या वीजजोडणीवरून चार्ज करण्याची व्यवस्था. तीत चार्जिंगचे उपकरण, त्याला वीज पुरवणारे स्वतंत्र सर्किट, अर्थिंग, एमसीबी-आरसीसीबीसारखी संरक्षक साधने आणि वीज कंपनीकडून मिळालेला मंजूर भार यांचा समावेश होतो. गाडी घेताना बहुतेक चर्चा भिंतीवरच्या पेटीची, म्हणजे वॉलबॉक्सची, होते. वास्तविक घर आणि गाडी सुरक्षित राहतात ती भिंतीआडच्या तारेमुळे आणि जमिनीतल्या अर्थिंगमुळे. म्हणून खर्चाचा पहिला वाटा तिकडे जायला हवा.

घरात एसी वीज येते, बॅटरीला डीसी लागते. हे रूपांतर गाडीच्या आत बसवलेला ऑनबोर्ड चार्जर करतो. बाहेरचा वॉलबॉक्स गाडीशी बोलून वीज सोडणारा किंवा तोडणारा स्विच असतो. टाइप २ प्लगमधल्या एका बारीक पिनवरून तो १ किलोहर्ट्झचे स्पंद पाठवतो आणि त्यांच्या रुंदीवरून गाडीला किती अँपिअर घ्यायची मुभा आहे ते कळते : १० टक्के रुंदी म्हणजे ६ अँपिअर, सुमारे ५३ टक्के म्हणजे ३२. गाडी यापेक्षा कमी घेऊ शकते, जास्त नाही. त्यामुळे ऑनबोर्ड चार्जर ३.३ किलोवॅटचा असेल, तर ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स लावूनही गाडी ३.३ नेच चार्ज होते. २०२० साली आलेली ३०.२ किलोवॅट-तास बॅटरीची टाटा नेक्सॉन ईव्ही अशीच होती; २०२२ च्या नेक्सॉन ईव्ही मॅक्समध्ये ७.२ चा पर्याय मिळाला. थ्री-फेजचा २२ किलोवॅटचा वॉलबॉक्सही सिंगल-फेज गाडीला एका फेजवरून ३२ अँपिअर, म्हणजे ७.४ किलोवॅटच देऊ शकतो.

निवडीचा आधार बॅटरीचा आकार नसून रोजची धाव हा असावा. लहान व मध्यम गाड्या शहरात एका युनिटवर साधारण ७-८ किलोमीटर जातात. रोज ४० किलोमीटर धावणाऱ्या गाडीला रूपांतरातली घट धरून ६-७ युनिटे लागतात आणि १५ अँपिअरच्या सॉकेटवरून ती दोन तासांत भरून निघतात. पुण्याहून मुंबईला जाऊन आलेली बॅटरीसुद्धा रात्रभरात बरीचशी भरते. मोठी बॅटरी, रोजचा लांबचा प्रवास किंवा एका जागेवर दोन गाड्या असतील तरच ७.२ किलोवॅटचा खर्च सार्थकी लागतो. बाकीच्या घरांना नीट बांधलेले १६ अँपिअरचे सर्किट पुरते.

‘नीट बांधलेले’ यातच सारे आहे. गिझर पंधरा-वीस मिनिटांत थर्मोस्टॅटने बंद होतो. गाडी तसाच मोठा प्रवाह आठ-आठ तास न थांबता ओढते. प्लगची पिन सॉकेटमध्ये किंचित सैल आहे आणि त्या सांध्याचा रोध अवघा ०.१ ओहम आहे, असे समजा. १५ अँपिअरला तिथे २२.५ वॅट उष्णता निर्माण होते. वायरमनकडचे लहान सोल्डरिंग आयर्न जवळपास तेवढेच तापते आणि इथे ते प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये रात्रभर चालू राहते. ३२ अँपिअरला हीच उष्णता १०० वॅटच्या पुढे जाते. प्रवाह मात्र ठरल्याइतकाच असल्यामुळे एमसीबी पडत नाही. सॉकेटभोवती तपकिरी डाग दिसला किंवा जळका वास आला, तर चार्जिंग तिथेच थांबवून सॉकेट बदलावा. एक्स्टेन्शन बोर्ड या कामाला कधीही वापरू नये.

चार्जिंगचे सर्किट घरातल्या वितरण पेटीपासून (डीबी) स्वतंत्र हवे. त्यावर दुसरे काही जोडू नये. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत चार्जिंग हा सततचा भार मानून सर्किट सव्वापट क्षमतेचे घ्यावे लागते; हा हिशेब आपल्याकडेही उपयोगी पडतो. १५-१६ अँपिअरसाठी २० चा एमसीबी आणि ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची तार, तर ३२ अँपिअरसाठी ४० चा एमसीबी आणि किमान ६ स्क्वेअर एमएम घ्यावी. ही किमान मर्यादा विदर्भात पुरत नाही. आंतरराष्ट्रीय तक्त्यांनुसार पाइपातून नेलेली ६ स्क्वेअर एमएमची पीव्हीसी तार ३० अंश तापमानाला ४१ अँपिअर वाहते, पण ४५ अंशांना जेमतेम ३२. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात गच्चीवरून पाइप नेलेला असेल, तर १० स्क्वेअर एमएमच घ्यावी. सोसायट्यांत अंतराचाही प्रश्न येतो. मीटररूम पार्किंगपासून ४० मीटर दूर असेल, तर ३२ अँपिअरला ६ स्क्वेअर एमएमच्या तारेत सुमारे ८ व्होल्ट गळतात, १० च्या तारेत ५ च्या आत. अॅल्युमिनियमची जुनी तार असलेल्या घरात तिच्यावर भरवसा न ठेवता नवी ओढून घ्यावी.

घरातला नेहमीचा आरसीसीबी, ज्याला अनेक जण ईएलसीबी म्हणतात, एसी गळती ओळखतो. गाडीकडून डीसी गळती झाली, तर तो आंधळा होऊ शकतो. म्हणून ३० मिलिअँपिअरचा टाइप ए आणि वॉलबॉक्समध्ये ६ मिलिअँपिअरचा डीसी संवेदक, किंवा मग टाइप बी आरसीसीबी घ्यावा.

अर्थिंग सदोष असेल, तर बहुतेक गाड्या चार्ज व्हायला नकार देतात. तेव्हा सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ तारेच्या तुकड्याने जोडून काम भागवले जाते. गाडी चार्ज होते खरी, पण मार्गातला न्यूट्रल कुठे तुटला की तिचे सगळे धातूचे अंग फेजच्या व्होल्टेजला येते. टायर रबराचे असल्याने वीज जमिनीत उतरत नाही. पावसात अंगणात उभे राहून दाराला हात लावणाऱ्याच्या शरीरातून ती उतरते. असा जोड ज्याने सुचवला, त्याला पुन्हा घरात घेऊ नये. परवानाधारक ठेकेदाराकडून वेगळा अर्थ पिट करून त्याचा रोध मीटरने मोजून घ्यावा.

मंजूर भाराचा हिशेब सरळ आहे. दीड टनाचा एसी दीड किलोवॅट, गिझर २, इंडक्शन शेगडी २ आणि गाडी ७.२ : एकत्र लागले, तर सिंगल फेजवर ५५ अँपिअर होतात. उपाय तीन : महावितरणकडे किंवा मुंबईत आपल्या वीज कंपनीकडे भार वाढवून थ्री-फेज घेणे, रात्री उशिरा ३.३ ने चार्ज करणे, किंवा घराचा एकूण प्रवाह मोजून गाडीचा आपोआप कमी करणारा वॉलबॉक्स घेणे. घरच्या मीटरवर स्वतःची गाडी चार्ज करता येते. पण महिन्याला दोनशे युनिटे वाढली की बिल वरच्या टप्प्यात जाते, म्हणून गाडीसाठी वेगळ्या मीटरचा दरही विचारून पाहावा. केंद्राच्या आदर्श इमारत उपविधींत २०१९ मध्ये पार्किंगच्या क्षमतेपैकी २० टक्के वाहनांसाठी चार्जिंगची तरतूद आली. जुन्या सोसायट्यांत मात्र एकेका सभासदाची केबल सुटी सुटी ओढली जाते. त्याऐवजी दहा-बारा गाड्यांचा एकत्रित भार मोजून एकच मोठी मुख्य केबल आणि पार्किंगमध्ये स्वतंत्र डीबी बसवणे स्वस्त पडते आणि सुरक्षितही ठरते.