मरीन परेड, ब्रायटन

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन शहरात समुद्रकड्याच्या माथ्यावरून पूर्वेकडे गेलेला रस्ता व त्यालगतच्या ऐतिहासिक घरांच्या रांगा. लंडनपासून सुमारे ८० किमी. दक्षिणेस. रस्त्याच्या एका अंगाला कठडा व खाली समुद्र. दुसऱ्या अंगाला उंच, अरुंद घरे, आपल्याकडच्या चाळींसारखी भिंतीला भिंत लावून उभी. फरक एवढाच की चाळीत बिऱ्हाड आडवे असते, येथे ते उभे असे. तळघरातल्या स्वयंपाकघरापासून माळ्यावरच्या नोकरांच्या खोल्यांपर्यंत सगळे घर एकाच कुटुंबाचे.

मुळात ब्रायटन हे मच्छीमारांचे गाव. अठराव्या शतकाच्या मध्यास डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्राच्या पाण्यात डुंबण्याचा आणि ते पिण्याचाही उपचार लोकप्रिय केला. १७८३ मध्ये युवराज (पुढचा राजा चौथा जॉर्ज) प्रथम येथे आला आणि त्याच्या मागोमाग दरबारी, सावकार व बांधकाम करणारे आले.

पूर्वेकडच्या रांगांत सर्वांत जुनी व पाहण्याजोगी म्हणजे ‘रॉयल क्रेसेंट’. वेस्ट इंडीजमध्ये मळे असलेले जे. बी. ऑटो यांनी ती १७९८ ते १८०७ या काळात उभारली. एकाच घाटाची १४ घरे मिळून एक उथळ कमान होते. दुरून भिंती चकचकीत काळ्या विटांच्या वाटतात. जवळ गेले की कळते, त्या विटा नव्हेतच. लाकडी सांगाड्यावर एकात एक अडकवून ठोकलेली ती काळ्या झिलईची कौले आहेत. दर्शनी कड तेवढी विटेएवढी. विटांवरचा कर चुकवण्यासाठी ही युक्ती निघाली असे सांगतात, पण कर कौलांवरही होता. खारा वारा आणि पाऊस अडवायला ती चांगली, हे कारण अधिक पटण्यासारखे आहे.

ऑटो यांनी युवराजाची मर्जी संपादण्यासाठी रांगेसमोर त्याचा पुतळा उभारला. समुद्राच्या वाऱ्याने आधी बोटे झडली, मग नाक, मग एक हात गेला. परगावचे लोक तो एका हाताच्या ॲडमिरल नेल्सनचा पुतळा समजू लागले आणि अखेर तो काढावा लागला.

याच रांगेतील ४ क्रमांकाच्या घरात १९६१ पासून नट लॉरेन्स ऑलिव्हिए व त्यांची पत्नी, अभिनेत्री जोन प्लोराइट राहत. १९७० मध्ये ऑलिव्हिए लॉर्ड झाले तेव्हा त्यांनी किताबाला ब्रायटनचेच नाव जोडून घेतले. लंडनला जाण्यासाठी ते ‘ब्रायटन बेल’ या गाडीने प्रवास करत. तिच्या न्याहारीतून धुरावलेला हेरिंग मासा (किपर) काढून टाकला, तेव्हा त्यांनी जाहीर तक्रार केली आणि मासा परत आला. गाडी मात्र १९७२ मध्ये बंद पडली. नाटककार टेरेन्स रॅटिगन हेही काही काळ याच रस्त्यावर ७९ क्रमांकात राहत होते.

रस्त्याच्या पूर्व टोकाला ‘केम्प टाउन’ ही वसाहत आहे. संसद-सदस्य टॉमस रीड केम्प यांनी १८२३ मध्ये तिचा घाट घातला. आराखडे एमन वाइल्ड्स व चार्ल्स बझ्बी यांचे, बरेचसे बांधकाम टॉमस क्यूबिट यांचे. ससेक्स स्क्वेअर, अर्धवर्तुळाकार लुइस क्रेसेंट आणि तिच्या दोन बाजूंना आरुंडेल व चिचेस्टर टेरेस अशी मांडणी आहे. आराखड्यात २५० घरे होती, प्रत्यक्षात शंभरावर थोडीच झाली. पुढची भिंत सगळ्यांची सारखी, पांढऱ्या गिलाव्याची. आतले घर विकत घेणाऱ्याने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधून घ्यायचे. घेणारे आले नाहीत. कित्येक वर्षे या दिमाखदार भिंतींमागे नुसता सांगाडा होता. कर्जात बुडालेले केम्प १८३७ मध्ये देश सोडून फ्रान्सला गेले व १८४४ मध्ये पॅरिसमध्ये वारले. वसाहत पुरी झाली १८५५च्या सुमारास.

पुढे मात्र बडी नावे आली. १, लुइस क्रेसेंट हे डेव्हनशरच्या सहाव्या ड्यूकचे घर. १९०८ मध्ये आजारी राजा सातवा एडवर्ड येथेच आपल्या मुलीकडे हवापालटासाठी राहिला. कादंबरीकार हॅरिसन एन्सवर्थ आरुंडेल टेरेसमध्ये राहत. रोडीन ही मुलींची प्रसिद्ध शाळा १८८५ मध्ये लुइस क्रेसेंटमधल्याच एका घरात सुरू झाली. वसाहतीच्या बागेतून एक भुयार थेट समुद्राकडे उतरते. त्यावरूनच लुइस कॅरल यांना ‘ॲलिस’मधले सशाचे बीळ सुचले, असे वाटाडे हमखास सांगतात. पुस्तक १८६५ चे, आणि ससेक्स स्क्वेअरमधले त्यांचे मुक्काम प्रामुख्याने १८७० नंतरचे. तेव्हा या गोष्टीवर फार भरवसा ठेवू नये.

मुंबईशी या रस्त्याचा संबंध सर अल्बर्ट ससून यांच्यामुळे आहे. बगदादेत १८१८ मध्ये जन्मलेले, मुंबईत व्यापार वाढवलेले हे ज्यू सावकार उतारवयात इंग्लंडला गेले व मरीन परेडवरील १, ईस्टर्न टेरेस या घरात राहू लागले. कुलाब्याचा ससून डॉक (१८७५) त्यांचा. प्रिन्स ऑफ वेल्सचा (पुढचा सातवा एडवर्ड) अश्वारूढ पुतळा त्यांनीच मुंबईला दिला; ‘काळा घोडा’ हे नाव पडले ते त्यावरून. घराच्या मागच्या अंगाला पॅस्टन प्लेसवर त्यांनी १८९२ मध्ये स्वतःसाठी हिंदी धाटणीची, घुमटाची समाधी बांधवून घेतली. १८९६ मध्ये ते ब्रायटनच्या घरीच वारले व तेथे विसावले. पुढे मुलगा एडवर्ड यालाही तेथेच ठेवले. १९३३ मध्ये वारसाने वास्तू विकली आणि दोघांचे अवशेष लंडनला हलवले. दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्यापासूनचा आसरा म्हणून ती वापरली गेली आणि १९५० नंतर शेजारच्या दारूच्या गुत्त्याने ती आपल्याला जोडून घेतली. घुमटाखाली जो बार निघाला त्याचे नाव ‘बॉम्बे बार’. मुंबईतला काळा घोडा १९६५ मध्ये राणीच्या बागेत गेला.