कोलनवॉटरच्या घड्या

परवा आईचं कपाट आवरताना सगळ्यात खालच्या कप्प्यात एक रिकामी बाटली सापडली. कोलनवॉटरची! झाकण उघडून हुंगलं, तर वास काहीच नव्हता. पण लहानपणीचे ताप मात्र एकदम आठवले. वाडग्यात गार पाणी, त्यात कोलनवॉटरचे चार थेंब, जुन्या मऊ रुमालाची घडी, आणि रात्रभर ती बदलत बसलेली आई. तुमच्याही घरी असंच असेल.

मग नेहमीच्या सवयीने या बाटलीचा इतिहास शोधत बसलो.

कोलन हे जर्मनीतलं शहर, पण हे पाणी तिथं रुजवलं एका इटालियन माणसाने. योहान मारिया फरिना, जन्म १६८५. फरिना कुटुंबाची पेढी कोलनमध्ये १७०९ साली सुरू झाली. तेव्हाच्या युरोपात कस्तुरीसारखे जड वास चालत. फरिनाने हलका, ताजा वास तयार केला आणि त्याला आपल्या नव्या शहराचं नाव दिलं. पुढे नेपोलियनसुद्धा कोलनवॉटरचा भक्त झाला.

या वासाचा प्राण म्हणजे बर्गमॉट. लिंबू आणि कडू संत्रं यांच्या संकरातून आलेलं हे फळ इतकं आंबट-कडू, की नुसतं कोणी फारसं खात नाही. त्याची सगळी किंमत सालीत. संत्र्याच्या सालीच्या तेलात जवळजवळ सगळं लिमोनीनच असतं. बर्गमॉटमध्ये त्याच्या जोडीला लिनॅलिल ॲसिटेट भरपूर असतं, म्हणून लिंबाच्या तिखट वासाला फुलांसारखा मऊपणा येतो. 'अर्ल ग्रे' चहाला येतो तोच हा वास.

जगातलं बहुतेक बर्गमॉट इटलीच्या अगदी दक्षिण टोकाला, कलाब्रियातल्या रेज्जो शहराच्या आसपासच्या किनारपट्टीवर पिकतं. साधारण २०० किलो फळांतून एक किलो तेल निघतं. १८४४ साली निकोला बारिल्ला याने साल खरवडणारं यंत्र आणलं. त्याआधी सगळं हाताने. फळ अर्धं कापायचं, गर कोरून काढायचा, साल पाण्यात भिजवायची आणि समुद्री स्पंजावर हाताने दाबायची. सालीतल्या बारीक पिशव्या फुटून तेल स्पंजात उतरायचं, मग स्पंज मातीच्या भांड्यात पिळायचा. की पुढची साल. काढणी हिवाळ्यातली, म्हणजे हात सतत पाण्यात आणि थंडीत. कापलेल्या बोटाला लिंबाचा रस लागला तर काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. इथे तर दिवसभर तेच.

मला राहून राहून वाटलं ते एवढंच. फरिनाचं नाव आजही बाटलीवर आहे. कोलनच्याच दुसऱ्या प्रसिद्ध बाटलीवर ४७११ हा आकडा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांच्या अमलात घरांना नंबर दिले गेले, त्यातला तो एका घराचा नंबर! म्हणजे घराच्या नंबराचीही जगाने आठवण ठेवली. साली पिळणाऱ्या हातांची नाही.

या तेलाची एक खोडही आहे. त्यात बर्गॅप्टेन नावाचं द्रव्य असतं (नावच या फळावरून पडलंय). तेल त्वचेवर असताना ऊन लागलं तर काळे डाग पडतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टरांना मानेवर असे ओघळासारखे डाग दिसले, आणि माग काढता काढता ते कोलनवॉटरपर्यंत पोचले. आता अत्तरांसाठी ते द्रव्य काढून टाकलेलं तेलही मिळतं.

आणि आमचा ताप? तो बर्गमॉटने उतरत नव्हता. पाणी आणि अल्कोहोल उडून जाताना कपाळाची उष्णता घेऊन जातात, म्हणून गार वाटायचं. आमच्या त्या स्वस्त बाटलीत अस्सल तेलापेक्षा कृत्रिम सुगंधच जास्त असणार. बर्गमॉटचा वास तसाही सगळ्यात आधी उडणारा. दर थोड्या वेळाने घडी बदलणारं कोणीतरी जागं आहे, याचीच ती खूण होती.

असो. हे सगळं आईला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, म्हणाली, "बर्फ कुठे असायचा रे तेव्हा घरात!" मग बाटली हातात घेऊन नाकाशी धरली.

"आहे की वास," म्हणाली.

मी पुन्हा हुंगून पाहिलं. मला नाही आला. बाटली मात्र परत कपाटात ठेवली.