शेन्दाओ : समाधीच्या वाटेवरचे दगडी पहारेकरी

चीनमध्ये सम्राट, राजपुत्र आणि बड्या अधिकाऱ्यांच्या समाधीकडे जाणाऱ्या वाटेला शेन्दाओ म्हणजे ‘आत्म्याची वाट’ म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंना दगडी प्राणी, माणसे आणि स्तंभ जोडीजोडीने समोरासमोर उभे असतात.

सर्वात जुनी मोठी समाधिशिल्पे शीआनजवळ, सेनापती हुओ छुबिंग (मृत्यू इ.स.पू. ११७) याच्या समाधीपाशी आहेत. शिओंग्नू योद्ध्याला पायाखाली घेतलेला घोडा त्यांपैकीच. शिळेचा मूळ आकार राखून मोजकेच घाव घातलेली ही शिल्पे मात्र वाटेवर ओळीने नव्हती. ती समाधीच्या टेकाडावर होती. वाटेची रचना रूढ झाली ती पूर्व हान काळात. सिच्वानमधील या-आन येथे गाओ यी या अधिकाऱ्याच्या समाधीपाशी (इ.स. २०९) दगडी द्वारस्तंभ आणि पंख असलेले श्वापद अजून आहे. अशा कामांत घराणी खर्चाने खचू लागली. अखेर २७८ मध्ये जिन सम्राट वू याने समाधीवरचे दगडी प्राणी आणि शिलालेख यांवर बंदी घातली.

ही प्रथा पुन्हा बहरली ती दक्षिणी राजवंशांच्या काळात, आणि या कलेतले सर्वोत्तम काम नानजिंगच्या परिसरातच पाहायला मिळते. तिथे दर्जा प्राण्यावरूनच ओळखता येई. सम्राटांच्या वाटेवर शिंगे असलेली श्वापदे, तर राजपुत्र व सरदारांच्या वाटेवर सिंहासारखे, बिनशिंगी ‘बीशिए’. ल्यांग सम्राट वूचा चुलतभाऊ श्याओ जिंग (मृत्यू ५२३) याच्या समाधीवरचा बीशिए सुमारे साडेतीन मीटर उंच आहे. छाती पुढे काढलेली, जबडा वासलेला, जीभ बाहेर आणि खांद्याला पंख. दगड असूनही तो पाऊल उचलणारच असे वाटते. जवळच्या स्तंभाच्या अंगावर उभ्या खाचा असून माथ्यावर कमळाच्या बैठकीवर छोटा सिंह आहे. काही अभ्यासकांना त्यात अशोकस्तंभाची आठवण दिसते, आणि बौद्ध धर्माला वाहिलेल्या ल्यांग दरबाराकडे पाहता ती दूरची वाटत नाही. स्तंभावरचा लेख आरशात दिसावा तसा उलटा कोरलेला आहे. त्याच्या कारणाबद्दल मतभेद आहेत.

थांग काळात संख्याही नियमाने बांधली गेली : तिसऱ्या श्रेणीपर्यंतच्या अधिकाऱ्याला सहा शिल्पे, पाचव्या श्रेणीपर्यंत चार. सम्राटांना अर्थातच मुभा होती. सम्राट गाओझोंग आणि सम्राज्ञी वू झेत्यान यांच्या छ्यानलिंग समाधीवर पंखांचे घोडे आणि शहामृग आहेत, शिवाय परदेशी दूतांचे ६१ पुतळे. त्यांतल्या बहुतेकांची मस्तके आज नाहीत.

मिंग काळातली बीजिंगजवळची वाट सम्राट योंगलच्या समाधीसाठी आखली गेली. १४३५ मध्ये तिच्यावर १८ जोड्या उभ्या राहिल्या : सिंह, उंट, हत्ती, घोडे आणि दोन काल्पनिक प्राणी, मग सेनानी, मंत्री व मानकरी. प्रत्येक प्राण्याची एक जोडी बसलेली, एक उभी. पुढे त्याच खोऱ्यात पुरलेल्या सम्राटांनी स्वतंत्र रांगा उभारल्या नाहीत. तेरा समाध्यांना ही एकच वाट पुरली.