देखणी बंदूक आणि कामाची बंदूक

काशीत नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबाच्या वाट्याला एक काम हमखास येते : महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना विश्वनाथ, सारनाथ आणि गंगेपलीकडील रामनगरचा किल्ला दाखवून आणणे. प्रस्तुत लेखकाने ही सेवा किती वेळा केली याची गणती नाही. राजा बलवंतसिंहांनी अठराव्या शतकाच्या मध्यास बांधलेल्या त्या किल्ल्यातील संग्रहालयात पालख्या, हौदे आणि जुन्या मोटारी पाहून झाल्या की मंडळी शस्त्रांपाशी येतात, आणि एखाद्या नक्षीदार बंदुकीपुढे कोणीतरी म्हणतेच, "काय देखणी आहे हो!" अशा वेळी मला माझ्या आजोबांची आठवण होते. ते कुडाळकडचे शेतकरी. त्यांनी त्या बंदुकीकडे पाहून एवढेच विचारले असते, "पावसात बार सुटता काय?"

बंदूक दिसणे आणि बंदूक चालणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे काशी नगरीने एकदा फार जवळून पाहिले आहे. १६ ऑगस्ट १७८१ रोजी वॉरन हेस्टिंग्जने राजा चेतसिंहांना शिवाला घाटावरील त्यांच्या वाड्यात कैद केले आणि भोवती शिपायांच्या दोन कंपन्यांचा पहारा बसविला. शिपाई कवायती होते, खांद्याला बंदुका होत्या. मात्र त्यांच्याजवळ दारूगोळाच नव्हता! ही चूक ध्यानात येऊन तो पोहोचविण्याची खटपट होईपर्यंत रामनगरहून राजाची माणसे नदी ओलांडून आली होती. तीन इंग्रज लेफ्टनंट आणि बहुतेक शिपाई मारले गेले. एकमेकांना बांधलेल्या पागोट्यांच्या दोरावरून राजा खिडकीतून खाली उतरला व नावेत बसून निसटला. पुढे त्याला आश्रय मिळाला तो महादजी शिंद्यांचा. १८१० साली ग्वाल्हेरीसच त्याचा अंत झाला. बिनगोळीची बंदूक ही केवळ वजनदार काठी होय, हा धडा हेस्टिंग्जला चुनारच्या किल्ल्याकडे पळताना मिळाला असेल.

पण ही झाली लढाईची गोष्ट. शिकारीच्या बंदुकीत देखणेपणाचा मोह याहून मोठा, कारण शिकार ही राजेरजवाड्यांची करमणूक होती आणि शेतकऱ्याची गरज. एकाच हत्याराचे हे दोन धनी.

जुनी बंदूक तोड्याची. दारू व गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासायची, कानाशी रंजक घालायचे आणि पेटती जामगी चापाने त्यावर टेकवायची. आपल्याकडील कारागिरांनी या बंदुकीवर जी कला ओतली तिला तोड नाही. नळीवर सोन्याचांदीच्या तारांचे जडावकाम, दस्त्यावर हस्तिदंत, आणि रंजक ठेवण्याच्या हस्तिदंती दाणीवर कोरलेली काळविटे! परंतु जामगीचा निखारा अंधारात दिसतो, तिचा वास जनावराला लांबून येतो, आणि पावसाच्या सरीपुढे ती विझते. दस्त्यावरील हस्तिदंताचा या तिन्ही अडचणींशी काडीचाही संबंध नव्हता.

चकमकीच्या बंदुकीने जामगी गेली, तरी प्रथम रंजक भडकायचे आणि क्षणभराने बार निघायचा. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्साइथ या धर्मोपदेशकाला बदकांच्या शिकारीचा नाद होता. तो भडका पाहून पाखरे बार येण्यापूर्वीच निसटतात, हे त्याच्या ध्यानात आले. त्यावर उपाय म्हणून ठोक्याने पेटणारी दारू वापरण्याची युक्ती त्याने काढली आणि १८०७ साली तिचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे केपाची बंदूक आली. युद्धशास्त्रात क्रांती करणारा हा शोध एका पाद्र्याच्या हुकलेल्या बदकांमुळे लागला, याची मला नेहमी गंमत वाटते.

त्यानंतर मागून काडतूस भरण्याची बंदूक आली. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात फ्रेंच कारागिराची तशी बंदूक पाहून इंग्रज कारागीर जागे झाले. १८७५ साली बर्मिंगहॅमच्या अॅन्सन आणि डीली यांनी घोडे आत दडविलेली सुटसुटीत रचना केली. आजही दुनळी बंदुकीत बहुधा तीच असते. लंडनचे नामांकित कारखाने आपल्या संस्थानिकांसाठी मात्र बाजूच्या पत्र्यांवर वाघ आणि हरणे कोरून देत.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. सगळीच नक्षी रिकामी नसते. दस्त्यावरील चौकटींची बारीक जाळी घामेजल्या हाताला पकड देते. जुन्या नळ्यांवरील लाटांसारखी सुंदर नक्षी तर वरून काढलेली नसेच. लोखंडाच्या व पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, तापवून एकजीव केल्या की ती आपोआप उमटे. म्हणजे हे सौंदर्य कामातूनच जन्मले होते. परंतु लोकांची नजर लाटांवर बसली आणि काही कारखानदारांनी साध्या नळीवर तेजाबाने तशाच लाटा काढून विकावयास आरंभ केला! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनधुराची दारू प्रचारात आली. तिचा दाब त्या पट्ट्यांच्या नळ्यांना सोसेल याची खात्री नसे. अस्सल असोत वा नकली, जुन्या काळ्या दारूसाठीच त्या केलेल्या होत्या. साध्या, काळ्या, अखंड पोलादाची नळी तो दाब सोसत होती. तिच्याकडे कोणी वळून पाहत नसे.

याची किंमत आमच्या घराने मोजली आहे. १९४८ च्या सुमारास एका मोठ्या घराण्यातील दोन बंदुका विक्रीस निघाल्या. एक दुनळी, नळीवर लाटा, घोड्यांवर चांदीची वेल. दुसरी एकनळी, दस्ता चिरलेला. आमच्या चुलत आजोबांनी पहिली घेतली. आजोबांनी दुसरी घेतली, चिरलेला दस्ता तांब्याच्या तारेने आवळला आणि घरच्यांची थट्टा ऐकून घेतली. भात पोटरीला आले की रानडुकरे एका रात्रीत वर्षाचे पीक लोळवतात, हे कोकणातील माणसाला सांगावयास नको. त्याच पावसाळ्यात चुलत आजोबांनी बाजारातील नवे काडतूस त्या जुन्या नळीत घातले. नळी मधोमध फाटली आणि डाव्या हाताची दोन बोटे गेली. पुढे ते उजव्या हातानेच सुपारी कातरत. आम्हा मुलांना त्याचे कुतूहल वाटे. आजोबांना तिकडे पाहवत नसे.

बंदुकीला केवळ शोभेची वस्तू करण्यात कायद्याचाही हात आहे, असे माझे मत आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली; युरोपियनांना मात्र सूट होती. परवाना मिळणे हीच सरकारकृपेची खूण ठरली, आणि दिवाणखान्यात टांगलेली बंदूक उडते की नाही हे कोण पाहतो? पुढे १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारीचे युग संपले. काशी नरेशांचे शिकारीचे रान असलेला चंद्रप्रभेचा परिसर १९५७ पासून अभयारण्य आहे. तेथे गीरचे सिंह आणून सोडले होते. ते काही वर्षे वाढले आणि मग नाहीसे झाले.

रामनगरच्या दालनातून फिरताना आणखी एक विचार मनात येतो. जी बंदूक रोज रानात गेली ती झिजली, गंजली, मोडीत गेली. जी कपाटात राहिली तीच आपल्यापर्यंत पोहोचली. म्हणून संग्रहालय पाहून पूर्वजांना नक्षीचाच सोस होता असे म्हणणे, म्हणजे लग्नातले शालू पाहून आजी रोज शालूच नेसत होती असे म्हणण्यासारखे आहे.

वडील गेल्यावर आजोबांची एकनळी माझ्याकडे आली. वाराणसीत तिचे काय करावे? मुलांनी ती दिवाणखान्यात लावण्याचा आग्रह धरला होता. मी रजा काढून गावी गेलो आणि ठाण्यात जमा केली. हवालदाराने ती उलटसुलट पाहिली आणि वहीत लिहिले : एकनळी, जुनी, दस्ता तारेने बांधलेला, चालू स्थितीत.