जीपचा दांडा

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धासाठी घडलेल्या विलीज जीपची जुळणी १९४० च्या दशकाअखेरीस मुंबईत महिंद्रांकडे होऊ लागली. पुढं ती आमच्या घाटवाटांवरही आली. दगड पोटाला लागू नयेत म्हणून लोक कमानपाटे वाढवून गाडी उंच करत. मग स्टिअरिंगचा दांडा तिरका व्हायचा. खड्ड्यात चाक वर-खाली झालं की गाडी आपोआप बाजूला ओढायची, अन् मागं दहा-बारा माणसं बसलेली.

जुना दांडा कापून तुकडा जोडायला किंवा भट्टीत तापवून वाकवायला आमच्या गावचे मिस्त्री साफ नकार देत. "जोड कधी सुटंल सांगता येत न्हाई. सुटला की दरी हाय," म्हणायचे. जाड नळीचा अखंड दांडा घेऊन त्याला लेथवर आटे पाडत. चाकाकडचं टोक वर उचलून तो शक्य तितका आडवा आणत. नटांत नवी स्प्लिट पिन घालत. चाकं दोन्हीकडं पुरती वळवून कुठं घासतंय का बघत. पहिली फेरी रिकाम्या गाडीची, अन् स्वतः चालवून.

१९८८ चा मोटार वाहन कायदा आला. कंपनीच्या घडणीत मनमानी बदल करायला त्याच्या कलम ५२ नं मनाई केली. मिस्त्रींची शिस्त त्याआधीची.