चरबीतल्या पांढऱ्या पेशी

१८७६. जर्मनीतील ग्योटिंगेन येथील डॉक्टर विल्हेल्म एब्श्टाइन यांनी मधुमेही रुग्णांना सोडियम सॅलिसिलेट दिले आणि त्यांच्या लघवीतील साखर घटल्याचे नोंदवले. औषध सांधेदुखीचे, अ‍ॅस्पिरिनच्याच कुळातले. दाह शमवणाऱ्या औषधाने साखर का उतरावी, हे त्या काळी कोणालाच सांगता येत नव्हते. १९०१ मध्ये मँचेस्टरच्या आर. टी. विल्यमसन यांनाही हाच अनुभव आला. १९२२ मध्ये इन्सुलिन रुग्णांपर्यंत पोहोचले आणि हे निरीक्षण अडगळीत गेले. त्यात नवल नाही. इन्सुलिनने मरणाच्या दारातली मुले परत आणली, तर सॅलिसिलेटच्या मोठ्या मात्रेने रुग्णांचे कान वाजत.

चरबी म्हणजे ऊर्जेचे निमूट कोठार, ही समजूत मात्र दीर्घकाळ टिकली. १९९३ मध्ये गोखान होतामिशलिगिल आणि ब्रूस स्पीगेलमन यांनी बॉस्टनमध्ये तिला धक्का दिला. लठ्ठ उंदरांच्या चरबीत त्यांना टीएनएफ-अल्फा हे दाहाचे रसायन सापडले. ते निष्प्रभ करताच इन्सुलिनचा प्रभाव सुधारला.

हे रसायन येते कोठून? डिसेंबर २००३ मध्ये दोन संशोधनगटांनी एकाच नियतकालिकात उत्तर दिले : मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी. सडपातळ शरीराच्या चरबीत त्या दहा टक्क्यांहून कमी. लठ्ठ माणसांत जवळपास चाळीस टक्के! जंतू नसतानाही ही फौज तेथे तळ ठोकून होती.

या फौजेचे इंधनही बदलते. जंतूंशी झुंजताना मॅक्रोफेज ग्लुकोज घाईने जाळतात. डब्लिनच्या ल्यूक ओनील यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले की, या बदलात साचणारे सक्सिनेट स्वतःच दाहाचा इशारा बनते. पेशी काय जाळते यावर ती कशी वागते हे ठरते. लठ्ठपणातली स्थिती आणखी निराळी : २०१४ च्या एका अभ्यासात पामिटेट हे मेदाम्ल, ग्लुकोज आणि इन्सुलिन यांच्या अतिरेकाने मॅक्रोफेज दाहक झाले, पण जंतुसंसर्गातल्यासारखे नव्हे.

आणि एब्श्टाइन? २००१ मध्ये स्टीव्हन शोएल्सन यांच्या गटाने दाखवले की, सॅलिसिलेट दाहाच्या साखळीतील आयकेके-बीटा हे विकर रोखते आणि उंदरांत इन्सुलिनला पुन्हा वाट मिळते. मग त्याच कुळातले साल्सालेट मधुमेहींवर तपासले गेले. २०१३ मध्ये निष्कर्ष आले : साखर उतरली, पण थोडीच, शिवाय एलडीएल कोलेस्टेरॉल आणि लघवीतील अल्ब्युमिन वाढले. मधुमेहाच्या नेहमीच्या औषधांत साल्सालेटला जागा मिळाली नाही.