पवित्र जनांचा समागम

ख्रिस्तामध्ये जिवंत आणि मृत एकाच मंडळीचे घटक राहतात, ही ख्रिस्ती श्रद्धा. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात तिचा उच्चार आहे. तिचे सर्वांत हृद्य उदाहरण संत ऑगस्टीन यांच्या आई मोनिका यांचे. इ. स. ३८७ मध्ये रोमजवळच्या ऑस्तिया येथे मरणशय्येवर त्यांनी मुलांना सांगितले, की देह कुठेही पुरावा; प्रभूच्या वेदीपाशी आपली आठवण मात्र ठेवावी. मायदेशी, आफ्रिकेत, पतीशेजारी विसावण्याची त्यांची जुनी ओढ लक्षात घेतली म्हणजे या मागणीचे मोल कळते. याच श्रद्धेने कॅथलिक लोक मृतांसाठी प्रार्थना करतात. बहुतेक प्रॉटेस्टंट पंथ करीत नाहीत. २ नोव्हेंबर या मृतांच्या स्मृतिदिनी वसई आणि गोव्यातील कॅथलिक कुटुंबे आप्तांच्या कबरींवर फुले वाहून मेणबत्त्या लावतात.